एकोणनव्वद माणसं कमी पडली

२६ एप्रिल २०२१ ला अमेरिकेच्या जनगणनेचे पहिले आकडे जाहीर झाले आणि न्यूयॉर्क राज्याची प्रतिनिधिगृहातली (संसदेचं खालचं सभागृह, जिथल्या जागा राज्यांना लोकसंख्येवरून वाटतात) एक जागा गेली. २७ च्या २६ झाल्या. जागा जाणार हे सगळे धरूनच चालले होते, चर्चा होती ती एक जाणार की दोन याची. धक्का बसला तो किती माणसांनी गेली ते ऐकून. बाकीच्या राज्यांचे आकडे तसेच राहून न्यूयॉर्कमध्ये आणखी ८९ माणसं मोजली गेली असती, तर जागा वाचली असती. दोन कोटींच्या राज्यात ८९! शेवटची जागा मिनेसोटा राज्याकडे राहिली, आमची गेली.

मी न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समध्ये राहते, जॅक्सन हाइट्स आणि एल्महर्स्टच्या सीमेवर. ८९ माणसं म्हणजे आमच्याकडे किती, याचा हिशेब त्या संध्याकाळी मी ओट्यापाशी उभ्याउभ्याच केला. आमच्या गल्लीच्या एका बाजूची आठ-नऊ घरं, बस. अर्थात तळघरांसकट. तळघरं सोडून हिशेब केला तर जास्त घरं लागतात, आणि घोळ सगळा तिथेच आहे.

आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या रात्री हळहळ झाली. ‘आपण तर पहिल्याच आठवड्यात भरला होता हो,’ असं बऱ्याच जणांनी लिहिलं, आणि ते खरंही होतं. २०२० च्या मार्चमध्ये त्याच ग्रुपवर ‘सेन्सस भरा, मराठी टक्का वाढवा’ असा फॉरवर्ड फिरत होता. गंमत अशी, की दर दहा वर्षांच्या या फॉर्मात मातृभाषेचा प्रश्नच नसतो. घरी कोणती भाषा बोलता हे विचारतात ते अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे नावाच्या वेगळ्या पाहणीत, आणि ती काही निवडक घरांनाच येते. पण मी गप्प बसले. टक्क्याच्या नावाने का होईना, लोक भरत होते.

त्या ग्रुपवर शंका काय काय होत्या ते अजून आठवतं. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत आणि आता विमानं बंद, त्यांना धरायचं का? (नाही. भेटीला आलेले पाहुणे धरत नाहीत.) एच-वन व्हिसावर आहोत, आम्हाला धरतात का? (धरतात. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला धरतात.) मुलगी बोस्टनला कॉलेजात आहे, ती लॉकडाउनमुळे घरी आलीय. (तिला तिच्या कॉलेजच्या पत्त्यावर मोजतील, तुम्ही धरू नका.) आणि सुनेची तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे, बाळाचं काय? (१ एप्रिलला जे जन्मलेले आहेत तेवढेच.) ‘म्हणजे बाळाने थोडी घाई केली तर बरं,’ असं कुणीतरी लिहिलं आणि पंचवीस हसरे चेहरे पडले.

यातल्या एकानेही ‘भरला तर आम्हाला काही होणार नाही ना?’ असं विचारलं नव्हतं.

तो प्रश्न मला रोज ऐकू यायचा, पण दुसरीकडे. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. गल्लीतल्या निम्म्या लोकांची ब्लडप्रेशरची गोळी मला तोंडपाठ आहे. कोण दुसऱ्याच्या नावावर इन्सुलिन नेतो, कोण महिनाअखेरीला अर्ध्याच गोळ्या मागतो, हेही दिसत राहतं. त्यामुळे २०२० च्या जानेवारीत वस्तीतल्या एका संस्थेने सेन्ससच्या प्रचारासाठी माणसं गोळा करायला घेतली तेव्हा त्यांनी मला हाक मारली. मला हिंदी येते, गुजराती बोलता येते, बंगाली कळते आणि नेपाळी निम्मीशिम्मी.

सेन्ससचा फॉर्म त्या वेळी पहिल्यांदाच सगळ्यांना ऑनलाइन भरता येणार होता. इंग्रजीशिवाय बारा भाषांत. स्पॅनिश, चिनी, व्हिएतनामी, कोरियन, रशियन, अरबी, पोलिश, अगदी हैतीची क्रिओलसुद्धा. भारतीय उपखंडातली एकही नाही. हिंदी नाही, बंगाली नाही, उर्दू नाही, पंजाबी नाही. आमच्यासाठी होत्या त्या मार्गदर्शक पुस्तिका. इंग्रजी फॉर्मच्या कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते सांगणाऱ्या, ५९ भाषांमध्ये. त्यात मात्र मराठी होती! मी ती छापून घेतली. जॅक्सन हाइट्समध्ये ती कुणाला लागणार, असं संस्थेतल्या मुली म्हणाल्या, आणि मलाही तसंच वाटलं होतं.

आम्हाला शिकवून पाठवलं ते असं: सांगा की या मोजणीवर दरवर्षी केंद्र सरकारचे जवळजवळ दीड लाख कोटी डॉलर कुठे जायचे ते ठरतं. सांगा की प्रतिनिधिगृहातल्या जागा यावर ठरतात. सांगा की माहिती गुप्त राहते. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तिन्ही ऐकून समोरचा माणूस नुसती मान हलवतो. दीड लाख कोटी या आकड्याने माझं मन कधी हललं नाही, तर रात्रपाळी करून आलेल्या उबर ड्रायव्हरचं कसं हलेल? पैशाबद्दल बोलायचंच तर मी विचारायची, ‘तुमच्या मुलाच्या वर्गात किती मुलं आहेत?’ मग बोलणं पुढे जायचं. शाळा भरून वाहतायत हे सगळ्यांना दिसतं. शाळांचे पैसे येतात तेव्हा मुलं कागदावर जेवढी असतात तेवढ्यांचेच येतात, हे सांगितलं की लगेच पटायचं.

मग मार्च आला, कोविड घेऊन. एल्महर्स्ट हॉस्पिटल आमच्यापासून चालत जाण्याएवढं. बाहेर लागलेली रांग सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिली, आम्ही ती खिडकीतून पाहत होतो. घरोघर जाणं बंद झालं, फोन सुरू झाले. सेन्सससाठी फोन लावायचा आणि पलीकडून ‘तांदूळ कुठे मिळतील?’ हे ऐकायचं. फॉर्मचा विषय काढायलाही जीभ रेटायची नाही. पण आता वाटतं, की नंतर जे काही झालं ते त्या तांदळाच्या फोनांमुळेच झालं. ऑगस्टमध्ये मी परत फोन केला तेव्हा लोकांनी माझा आवाज ओळखला.

ही ओळख म्हणजे काय असते ते मी लहानपणी घरातच पाहिलं होतं. माझे वडील, अण्णा, करमाळा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. १९९१ च्या जनगणनेची ड्यूटी त्यांना लागली होती. गावातली घरं झाली, वस्त्यांवरची झाली, राहिली ती ओढ्यापलीकडची पारध्यांची पालं. मागच्या खेपेला तिथे कुणी सापडलंच नव्हतं म्हणे. सरकारी माणूस दिसला की पालं रिकामी. गावात लोक म्हणायचे, ‘अडाणी आहेत, त्यांना काय कळतंय.’ अण्णांना ते पटायचं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांच्या आज्या-पणज्यांची नावं रजिस्टरात चढली, ज्यांना रोज पोलिसापुढे हजेरी द्यावी लागली, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये ज्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं, त्यांना मोजणी म्हणजे काय ते आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं ते म्हणायचे. १९५२ ला कायदा गेला तरी पोलीस यायचे थांबले नव्हते. पालावरच्या एका म्हाताऱ्याने अण्णांना पहिला प्रश्न हाच केला होता: ‘मास्तर, हजेरी पुन्यांदा चालू झाली का?’

म्हाताऱ्याचा नातू अण्णांच्या तिसरीच्या वर्गात होता. अण्णा आधी नुसते बसून आले. रजिस्टर पिशवीतच. नंतर पुन्हा गेले तेव्हा म्हाताऱ्याने स्वतः सांगायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबून विचारलं, ‘यातलं पाटलाला काय सांगणार?’ बघा, त्याची भीती दिल्लीची नव्हती. ती पाटलाची होती, आणि पाटील गावातच राहत होता.

क्वीन्समध्ये मला तेच सापडलं, म्हणून हे इतक्या लांबून आणलं.

आमच्या गल्लीत एक पंजाबी पाजी राहतात. पूर्वी टॅक्सी चालवायचे, आता गुडघ्यांमुळे घरी. घराचं कर्ज अजून फिटायचं आहे, आणि ते फिटतंय ते तळघराच्या भाड्यावर. तळघरात नेपाळी कुटुंब: नवरा, बायको, बायकोचा भाऊ आणि तीन वर्षांची मुलगी. बायको मॅनहॅटनमध्ये एका घरी मुलं सांभाळायची. ते तळघर भाड्याने द्यायला कायद्याने परवानगी नव्हती. क्वीन्समधली किती तळघरं अशीच आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कुणी बोलत नाही, कारण त्यांच्याशिवाय शहर चालणार नाही.

सेन्ससचं पत्र घराला येतं, माणसाला येत नाही. बारा आकडी कोड असलेलं एक पत्र, एका पत्रपेटीत. पाजींनी तो कोड घालून स्वतःच्या घरची चार माणसं भरली होती आणि विषय संपवला होता. खालच्या चौघांसाठी पत्रच नव्हतं. सरकारच्या यादीत त्या घराला तळघर नाही! आता कोडशिवायही फॉर्म भरता येत होता. पत्ता सांगायचा, पुढे ‘बेसमेंट’ लिहायचं, झालं. मी खालच्या बाईला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘दीदी, सरकार छोड़ो. ऊपरवाले को पता चला तो?’

ऊपरवाला म्हणजे पाजी.

पाजींना भीती होती बिल्डिंग खात्याची. दंड हजारोंनी होतो. म्हणजे खालची बाई वरच्याला भीत होती, वरचा शहराला भीत होता, आणि आम्ही दोघांनाही वॉशिंग्टनची हमी देत फिरत होतो. तुमची माहिती इमिग्रेशनला जाणार नाही, आइसला (धरपकड करून देशाबाहेर पाठवणाऱ्या खात्याला) जाणार नाही, पोलिसांना जाणार नाही. अहो पण ही बाई आइसला भीतच नव्हती. तिचे कागद धड होते. तिला भीती होती ऑगस्टच्या उन्हात नवं तळघर शोधायची.

मी पाजींशी एकदा बोलले, ते ‘देखेंगे’ म्हणाले. दुसऱ्यांदा बोलले, त्यांनी गुडघ्याचा विषय काढला. कायदा मी त्यांना नीट वाचून दाखवला होता. टायटल १३ म्हणतात त्याला. सेन्ससवाल्याने एका घराची माहिती बाहेर फोडली तर पाच वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. बिल्डिंग खातंसुद्धा मागू शकत नाही. पाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बहनजी, कागज़ पे तो सब अच्छा होता है.’

शेवटी काम झालं ते वेगळ्याच कारणाने. फॉर्म आला नाही की सेन्ससचा माणूस दारावर येतो. बऱ्याचदा येऊनही कुणी भेटलं नाही तर तो शेजाऱ्याला विचारतो, की या घरात किती माणसं राहतात? आणि शेजारी सांगेल ते लिहून घेतो. हे नियमातच आहे. मी ते सहज बोलता बोलता सांगितलं. पाजींचं आणि शेजारच्या घराचं कुंपणावरून वैर आहे, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. पाजी ताठ बसले. ‘वो बताएगा? वो तो पंद्रह बताएगा!’ आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्यांनी खाली हाक मारली, की ‘भर दो बेटा, जितने हो उतने भर दो.’

लोकशाहीवरच्या माझ्या सगळ्या भाषणांवर कुंपणाच्या भांडणाने मात केली, त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

मग आम्ही दोघींनी अंगणातल्या पायरीवर अंतर ठेवून, मास्क लावून तिच्या फोनवर फॉर्म भरला. नाव, लिंग, जन्मतारीख, घर भाड्याचं की मालकीचं. वंशाच्या प्रश्नाला ती अडली. यादीत चिनी आहे, फिलिपिनो आहे, एशियन इंडियन आहे, नेपाळी नाही. ‘इतर एशियन’ वर टिचकी मारून पुढे लिहावं लागतं. तिने एकेक अक्षर हळू टाइप केलं. तीन माणसं भरून झाली आणि ती ‘पुढे’ दाबायला निघाली. मी म्हटलं, अगं मुलगी? ती म्हणाली, ‘ती तर इथलीच आहे ना, एल्महर्स्टमध्ये जन्मलेली. तिला कशाला मोजायचं?’ तिच्या मते ही मोजणी बाहेरून आलेल्यांची होती. अमेरिकन नागरिक असलेली त्या घरातली एकुलती एक व्यक्ती यादीतून गळत होती ती अशी. पाच वर्षांखालची मुलं या देशात प्रत्येक जनगणनेत कमी मोजली जातात. २०२० मध्ये ती तूट २.७९ टक्के निघाली. वर्तमानपत्रांतून कारणं येतात, की मुलं आजीकडे असतात, घटस्फोटित आईबापांच्या मध्ये असतात. हे पायरीवरचं कारण मी कुठे वाचलं नाही.

आता मराठी पुस्तिकेबद्दल. ती लागली. सप्टेंबरमध्ये एका रेस्टॉरंटच्या मागच्या दाराशी एक काका भेटले. सिंधुदुर्गातले, जहाजावर खानसामा होते, केव्हातरी उतरले आणि राहिले. मंडळाच्या गणपतीला यांना मी कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कशी, गणपतीच्या दिवसांत रेस्टॉरंटमध्ये काम दुप्पट असतं, आणि तिकीट असतं ते वेगळंच. मी मराठी बोलले तेव्हा ते आधी दचकले, मग हसले, आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: ‘बाय, माझा नाव खंय घालू नको गो.’

त्यांच्याकडे कागद नव्हते. त्यांना काय सांगायचं? सगळे सांगतात तेच सांगितलं, की नागरिकत्वाचा प्रश्न फॉर्मात नाही. तो घालायचं २०१८ च्या मार्चमध्ये जाहीर झालं होतं, खटले झाले, आणि २७ जून २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारने दिलेलं कारण बनावट ठरवलं. प्रश्न छापला गेला नाही. पण कोर्टाने काय ठरवलं ते रेस्टॉरंटच्या भटारखान्यात पोचत नाही. सरकारला काय विचारायचं होतं ते बरोबर पोचतं. शिवाय २१ जुलै २०२० ला राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला, की जागावाटपाच्या आकड्यातून बिनकागदांची माणसं वजा करा. म्हणजे एकीकडे आम्ही ‘तुम्ही मोजले जाता’ म्हणत होतो आणि दुसरीकडे टीव्हीवर तुम्हाला वजा कसं करायचं ते चाललं होतं. (तो आदेश पुढे २० जानेवारी २०२१ ला नव्या राष्ट्राध्यक्षांनी पहिल्याच दिवशी रद्द केला.) मोजणीची मुदतही त्या दोन महिन्यांत पुढे-मागे होत राहिली. ३१ ऑक्टोबर, मग ३० सप्टेंबर, मग कोर्टातून पुन्हा पुढे, आणि शेवटी १५ ऑक्टोबर. आम्ही छापलेली पत्रकं दर आठवड्याला खोटी ठरत होती.

आणि गुप्ततेचं म्हणाल, तर तिथेही इतिहास अगदी स्वच्छ नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या एका कायद्याने ही गुप्तता उठवली गेली. सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत नेलं, तेव्हा ती माणसं कुठल्या वस्तीत किती आहेत ते सांगायला सेन्ससचे आकडे वापरले गेले. १९४३ मध्ये तर वॉशिंग्टन शहरातल्या जपानी लोकांची नावं-पत्ते सीक्रेट सर्व्हिसला दिले गेले, हे कागद संशोधकांनी २००७ मध्ये उजेडात आणले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अरब वंशाचे लोक कुठल्या पिनकोडात किती आहेत याचे तक्ते गृहसुरक्षा खात्याने मागवले आणि ते दिले गेले. ते आकडे तसे जाहीरच होते, कायदा मोडला नव्हता. पण ज्यांच्याबद्दल होते त्यांना काय वाटलं असेल?

आजचा कायदा १९४३ पेक्षा कडक आहे, यावर माझा विश्वास आहे. पण भीती घालवायची म्हणून इतिहास लपवायचा, हे मला जमत नाही. काकांना मी दोन्ही सांगितलं. नावं बहात्तर वर्षांनी खुली होतात हेही सांगितलं. ते म्हणाले, ‘बहात्तर वर्सांनी माझी हाडां तरी गावतली काय?’ आणि पुस्तिका घडी घालून एप्रनच्या खिशात टाकली. त्यांनी फॉर्म भरला की नाही, मला माहीत नाही. मला कळायची सोयच नाही. गुप्ततेचा खरा अर्थ हाच, आणि प्रचार करणाऱ्याला तो सोसावा लागतो.

भारतीयांना स्वतःचा रकाना मिळाला तोही काही आपोआप नव्हे. १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनांत आपल्या लोकांचा वंश ‘हिंदू’ लिहिलेला सापडतो, मग तो शीख असो की मुसलमान. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की हे लोक गोरे नाहीत म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत. १९७० मध्ये त्याच लोकांना सेन्ससने गोऱ्यांत मोजून टाकलं. सत्तरच्या दशकात इथल्या भारतीय संघटनांनी वेगळा रकाना मागितला तेव्हा आपल्यातल्याच काहींनी विरोध केला. अल्पसंख्य म्हणवून घ्यायचं कशाला, चांगलं चाललंय आपलं! अखेर १९८० च्या फॉर्मात ‘एशियन इंडियन’ आला आणि साडेतीन लाखांहून जास्त लोकांनी त्यावर खूण केली. २०२० मध्ये ते सुमारे ४४ लाख होते.

त्या आकड्यांमुळे काय होतं याचं उदाहरण आमच्या शाळेतच आहे. मतदान हक्क कायद्याच्या २०३ व्या कलमाप्रमाणे, इंग्रजी नीट न येणारे एका भाषेचे मतदार ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असतील तर मतपत्रिका त्या भाषेतही द्यावी लागते. ते प्रमाण सेन्सस ब्यूरोच आपल्या पाहणीवरून ठरवतो. त्यामुळेच २०१३ पासून क्वीन्समध्ये बंगाली मतपत्रिका आहे. शाळेच्या जिमखान्यात मतदानाला गेले की बांगलादेशी आज्या ती दोन्ही हातांत धरून सावकाश वाचताना दिसतात. मागची रांग खोळंबते, त्यांना फिकीर नसते.

२०२२ च्या मार्चमध्ये सेन्ससने आपलीच चूक किती झाली ते जाहीर केलं. मोजणीनंतर वेगळी पाहणी करून ते हे काढतात, आणि हा प्रामाणिकपणा मला आवडतो. हिस्पॅनिक लोक ४.९९ टक्के कमी मोजले गेले. काळे ३.३० टक्के कमी. राखीव प्रदेशातले मूळ अमेरिकन ५.६४ टक्के कमी. आणि एशियन? २.६२ टक्के जास्त! मंडळाच्या ग्रुपवर ही बातमी अभिमानाने आली. आपण शिस्तीचे, आपण भरतो.

माझं डोकं त्या दिवशी फिरलं होतं. ‘एशियन’ या एका शब्दात न्यू जर्सीतल्या एडिसनचं पाच बेडरूमचं घर आहे आणि पाजींचं तळघरही आहे. घरी आलेली कॉलेजची मुलगी घरीही भरली गेली आणि कॉलेजनेही कळवली, की एकाचे दोन होतात. तळघरातले चार भरलेच नाहीत, की चाराचं शून्य होतं. दोन्हींची बेरीज करून टक्का काढला तर वरच्या मजल्याचं जास्तीचं माणूस खालच्या मजल्याची तूट झाकून टाकतं. अभिमान वाटावा असं त्यात काय आहे? आपण जास्त मोजलो गेलो म्हणजे आपल्यातले सगळे मोजले गेले, असं होत नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं. एक अंगठा आला, आणि लगेच कुणीतरी कोजागिरीच्या दुधाचा हिशेब टाकला.

त्याच्या आदल्या वर्षी, १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री इडा वादळाचा पाऊस झाला. शहरात तळघरांत अकरा माणसं बुडून गेली, त्यातली बहुतेक आमच्या क्वीन्समध्ये. वुडसाइडमध्ये एक नेपाळी कुटुंब, त्यांच्यासोबत त्यांचं दोन वर्षांचं मूल. अग्निशमनवाल्यांना कुठल्या घराखाली किती माणसं झोपतात ते माहीत नव्हतं. सेन्सस तशी यादी कुणाला देत नाही आणि देऊ नये, त्यामुळे मोजणी झाली असती तर ती माणसं वाचली असती, असं मी म्हणणार नाही. पण गटारं किती रुंद हवीत, वस्तीत निवारे किती हवेत, हे ज्या आकड्यांवरून ठरतं त्यात ती माणसं नसतील तर पाणी आधी कुठे शिरणार हे सांगायला ज्योतिषी नको. पाजींचं तळघरही त्या रात्री भरलं. वरच्यांनी खालच्यांना वर घेतलं, आठही जण स्वयंपाकघरात बसून राहिले. त्यांच्यातलं घरमालक-भाडेकरूचं बोलणं तेव्हापासून जरा बदललंय.

न्यूयॉर्क शहरात २०२० मध्ये ६१.८ टक्के घरांनी आपणहून फॉर्म भरला, देशभरात ६७. बाकीच्यांकडे माणसं पाठवावी लागली. आता भारतातही जनगणना आली आहे, १ मार्च २०२७ या तारखेच्या हिशेबाने, आणि तिच्यात जात विचारणार आहेत. अण्णा असते तर पालावर कोण जाणार, हे त्यांनी आधी विचारलं असतं.

इथे पुढची मोजणी २०३० ला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा जाहीर केलं, की बिनकागदांची माणसं सोडून नवी जनगणना करा. आमच्या दुकानात त्या आठवड्यात काउंटरवर पैसे मोजताना लोक त्याच गोष्टीबद्दल हळू आवाजात बोलत होते. २०२० मध्ये ज्यांनी माझ्या शब्दावर फॉर्म भरला, त्यांच्यापैकी काहींनी विचारलं, की तेव्हा दिलेलं आता काढून पाहतील का? मी म्हटलं, कायदा बदललेला नाही, आणि बदलला तर सगळ्यात आधी मीच तुम्हाला सांगेन. याहून जास्त माझ्या हातात काही नाही.

पाजींचा गुडघा बदलून झाला. परवा गोळ्या न्यायला आले होते. त्यांनीच विषय काढला. खालची मुलगी आता तिसरीच्या पुढे गेलीय, तिला शाळेत जनगणनेचा धडा होता, तिने घरी येऊन त्यांना वर आणि खाली मिळून आठ माणसं मोजून दाखवली. मग पाजींनी आजूबाजूला पाहिलं, जरा वाकले आणि विचारलं, की २०३० मध्ये खालच्यांसाठी वेगळा कोड मिळवायला आत्तापासून कुठे अर्ज करावा लागतो का, की परत शेजाऱ्याच्या भरवशावरच राहायचं?